आमच्या खेळाचे दप्तर

'दप्तर' या शब्दाचे भाग्य मोठे विलक्षण आहे. फारसीतून तो मराठीत आला आणि दोन निरनिराळ्या घरी नांदू लागला. इतिहासाच्या पुस्तकात तो भेटतो तेव्हा पुण्याचे पेशवे दप्तर डोळ्यांपुढे उभे राहते. रुमालांत बांधलेले मोडी कागदांचे ते असंख्य गठ्ठे उलगडून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. तोच शब्द सकाळच्या घाईत स्वयंपाकघरातून ऐकू येतो, तेव्हा त्याचा अर्थ होतो आमच्या खांद्यावरची पिशवी. एका घरी तो राज्याचा कारभार सांभाळतो, दुसऱ्या घरी डबा आणि कंपासपेटी. परंतु दोन्ही दप्तरांना एकच कसोटी लागू पडते. हवा तो कागद हव्या त्या वेळी हाती लागला, तर ते दप्तर. न लागला, तर ते नुसते ओझे!

यंदा आम्हांस तिसऱ्या प्रकारच्या दप्तराचा परिचय घडला. ते संगणकात असते. त्याला वजन नाही. पण ओझे मात्र ते होऊ शकते, आणि कसे होते ते आम्ही पाहिले आहे. त्या दप्तराची ही हकीकत आहे.

आम्ही नववीच्या वर्गातील पाच जण दर शनिवारी शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत बसून एक खेळ तयार करीत आहोत. त्याचे नाव 'टपालवाट'. खेळणारा हा टपालाच्या लाल मोटारीचा चालक. पहाटे बेळगावहून निघायचे, पुणे-बेंगळुरू महामार्गाने काकती, हत्तरगी, संकेश्वर, कणगला अशी गावे घेत तवंदीचा घाट उतरायचा, आणि सुमारे पाऊणशे किलोमीटरचा हा पल्ला संपवून निपाणीस पोहोचायचे. वाटेत पत्रे निवडायची, आणि दिवस मावळण्यापूर्वी प्रत्येक पत्र ज्याचे त्याच्या हाती द्यायचे. पत्ते कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये, कुठे इंग्रजीत. कुठे अक्षर गिचमिड, तर कुठे गावाचे नावच जुने. खेळ सोपा वाटतो, पण आमच्या सीमाभागात पत्ता वाचणे ही एक विद्याच आहे, हे येथील वाचकांना निराळे सांगावयास नको.

घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना वाटते, की संगणकावरचा खेळ म्हणजे एकसंध अशी एखादी वस्तू असावी. वस्तुतः तो शेकडो लहान तुकड्यांचा संसार असतो. मोटारीचे चित्र निराळे, तिच्या चाकाच्या फिरण्याची आठ चित्रे निराळी, भोंग्याचा आवाज निराळा, पावसाचा निराळा. आणि 'कळ दाबली असता मोटार पुढे जावी' अशी आज्ञा लिहिलेला मजकूर तो आणखी निराळा. अशा प्रत्येक तुकड्याला फाईल म्हणतात, आणि त्या ज्या कप्प्यात ठेवायच्या त्याला फोल्डर. हे सारे तुकडे जुळवून खेळ चालविणारी एक मुक्त प्रणाली आम्ही वापरतो. तिचे नाव गोडो. अर्जेंटिनातील दोघा कारागिरांनी ती रचली आणि २०१४ साली साऱ्या जगाला विनामूल्य खुली केली. ज्याची वाट पाहावी आणि जो कधी येतच नाही, अशा माणसावरच्या सॅम्युएल बेकेट यांच्या प्रसिद्ध नाटकावरून तिला हे नाव मिळाले. टपालाच्या खेळाला असे नाव असलेली प्रणाली लाभावी, हा योगही मौजेचाच!

हा खेळ मुळात आमचा नव्हे. आमच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी तो सुरू केला होता. ते दहावी होऊन गेले. कोणी कोल्हापूरला, कोणी धारवाडला शिकावयास गेले. आणि त्यांचे काम एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर आमच्या हाती आले. तो उघडून पाहतो, तो एकाच फोल्डरमध्ये सुमारे तीनशे फाईली! त्यांची नावे तरी कशी असावीत? 'नवीन', 'नवीन २', 'शेवटचे', 'खरोखर शेवटचे', 'सरांना दाखवायचे', 'चित्र १' आणि पुन्हा 'चित्र १ ची प्रत'. 'शेवटचे' म्हणविणाऱ्या चार फाईलींपैकी खरोखर शेवटची कोणती, हे त्या चौघींपैकी एकही सांगेना.

त्या विद्यार्थ्यांना दूषण देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. स्वतः काम करणाऱ्याला आपली प्रत्येक वस्तू तोंडपाठ असते. आजीला अंधारातही मोहरीचा डबा सापडतो. डब्यावर चिठ्ठी चिकटविण्याची गरज तिला का भासावी? गरज भासते ती सुनेला, नातीला, पाहुण्याला. त्या मुलांच्या कामातही मांडणी होती. पण ती त्यांच्या डोक्यात होती. डोकी शाळा सोडून गेली, आणि मांडणीही त्यांच्याबरोबर गेली. मागे उरला तो ढीग.

त्या ढिगात 'आवाज ७' या नावाची एक फाईल होती. ती इतरांपेक्षा बरीच मोठी होती आणि खेळात कोठेही वापरलेली नव्हती. जागा मोकळी करण्यासाठी निरुपयोगी फाईली काढून टाकाव्यात असे ठरत होते, तेव्हा आमच्यातील एकीने सुचविले, की टाकण्यापूर्वी निदान एकदा ऐकू या. ऐकू लागलो, तो एका वृद्ध गृहस्थांचा सावकाश, किंचित कापरा आवाज. आरंभीची दोन वाक्ये होतात न होतात तोच ती म्हणाली, "हे तर आमच्या गल्लीतले पोस्टातले आजोबा!" टपाल खात्यात पत्रे निवडण्याच्या कामावर सारी नोकरी करून निवृत्त झालेले ते गृहस्थ आदल्या वर्षीच वारले होते. खेळासाठी माहिती हवी म्हणून आधीच्या मुलांनी त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केलेले होते. अकरा मिनिटांचे ते बोलणे आम्ही सर्वांनी उभ्या उभ्या ऐकले. त्यांच्या घरच्यांपाशीही त्यांचा एवढा मोठा आवाज जपलेला नव्हता. 'आवाज ७' या नावात यांपैकी एक अक्षरही नव्हते.

पुढे आमच्या दप्तराची जी मांडणी झाली, तिचे गुरू तेच आजोबा होत. योगायोग असा, की त्या बोलण्यात त्यांनी पत्रे कशी निवडतात हेच समजावून दिले होते. भिंतीला लागून लाकडी खणांची मांडणी, प्रत्येक खणावर गावाचे नाव, आणि समोर पोत्यातून ओतलेला पत्रांचा ढीग. नवखा माणूस काय करतो? पोस्टकार्डे एका बाजूला, पाकिटे एका बाजूला, लग्नपत्रिका तिसरीकडे. दिसावयास नीटनेटके, पण पत्र एक पाऊलही पुढे जात नाही! "पत्र कसलं, कुठल्या भाषेतलं, ते आमचं काम न्हवं," आजोबा सांगत होते, "ते जायचं कुठं, एवढंच आम्ही बघायचं."

खेळाच्या फाईली लावण्याचेही हेच दोन मार्ग आहेत. एक मार्ग जातीचा. सारी चित्रे एका कप्प्यात, सारे आवाज दुसऱ्यात, साऱ्या लिखित आज्ञा तिसऱ्यात. दुसरा मार्ग ठिकाणाचा. निपाणीचे म्हणून जे जे काही, तेथील बाजाराचे चित्र, तेथील गलबला, तेथील माणसांचे बोलणे, ते सारे 'निपाणी' या एकाच कप्प्यात. पहिला मार्ग पाहुण्याला प्रथमदर्शनी आवडतो. परंतु शनिवारच्या दोन तासांत काम करावयाचे असते ते एका गावावर; आणि एका गावासाठी चार कप्पे धुंडाळायचे, तर त्यातच अर्धा वेळ जातो. ही प्रणाली रचणाऱ्यांनीही आपल्या मार्गदर्शिकेत हाच सल्ला दिला आहे, की ज्या दृश्यासाठी वस्तू हवी, त्या दृश्याच्या जवळच ती ठेवावी. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. मात्र लाल मोटार, तिचा भोंगा, पाऊस, अक्षरांचे वळण या गोष्टी कोणा एका गावाच्या नव्हेत. टपालात रजिस्टर आणि पार्सले यांचा रस्ता जसा निराळा असे, तसा त्यांच्यासाठी 'सामायिक' हा निराळा कप्पा केला.

कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा, ही कल्पना आम्हांस पुस्तकातून नव्हे, तर पत्त्यावरच्या सहा अंकांतून उमगली. पिन क्रमांक आपण रोज लिहितो; पण तो वाचतो कोण? १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो आपल्या देशात सुरू झाला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी. आणि वाचकांना नवल वाटेल, पण ते संस्कृतातील मान्यवर कवीही होते! या विस्तीर्ण देशात एकाच नावाची अनेक गावे, एकाच गावाची अनेक नावे, आणि लिहिणाऱ्यांच्या भाषा व लिप्या भिन्न भिन्न. या गोंधळातून पत्राला वाट काढून देणारी खूण त्यांनी अंकांत शोधली. निपाणीचा क्रमांक ५९१२३७. पहिला ५ म्हणजे दक्षिणेचा आपला विभाग. दुसरा अंक त्यातील उपविभाग. तिसऱ्यासह निवडणीचा जिल्हा ठरतो. आणि उरलेले तीन अंक पत्राला थेट त्या त्या टपाल कार्यालयाच्या दाराशी नेऊन सोडतात. म्हणजे हा क्रमांक नव्हेच. ही वाट आहे. मोठ्या कप्प्यातून लहान, लहानातून त्याहून लहान. कोगनोळीच्या पुढे दूधगंगा ओलांडून कागलला गेले, की ४१६२१६. दहा-बारा मिनिटांच्या अंतरात पहिलाच अंक बदलतो, कारण राज्य बदलते. संगणकातील फाईलीचा पत्ता असाच असतो. आधी खेळ, मग गावे, मग निपाणी, मग बाजार, मग दिवा. डावीकडून उजवीकडे वाचीत गेले, की वस्तू हाती येते.

येथवर सारे सुरळीत चालले होते. अडले ते नावापाशी, आणि तेही आपल्याच गावाच्या नावापाशी. जुन्या फाईलींत कोठे 'बेळगाव', कोठे 'बेळगावी', कोठे इंग्रजी वळणाचे 'बेलगाम' असे तीन प्रकार होते. खेळ मात्र एकच अक्षरसमूह ओळखतो. एक काना इकडचा तिकडे झाला, की त्याच्या लेखी ते गाव निराळे. एकच नाव निवडणे भाग होते. आमच्यातील चौघांच्या ओठांवर 'बेळगाव' हेच नाव जन्मापासून आहे. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. आणि बरोबर ५८ वर्षांनी, १ नोव्हेंबर २०१४ रोजी, शहराचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. मराठी घरांत त्या तारखेला काय वाटते, ते येथे लिहावयास नको. उलट, आमचा पाचवा सोबती मराठी शाळेत शिकत असला, तरी त्याच्या घरी आई कन्नड बोलते. तो म्हणाला, "आमच्या घरी बेळगावीच म्हणतात. ते काय दुसरं गाव आहे?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमचेही खोटे नव्हते. दोन शनिवार काम झाले नाही. तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही.

त्या दिवशी आम्ही पुन्हा 'आवाज ७' लावला. आजोबांच्या बोलण्यात एक ठिकाणी त्यांना विचारलेले होते, की एकाच गावाची इतकी नावे येत, तेव्हा तुम्ही कोणते खरे मानीत होता? ते हसले होते, आणि म्हणाले होते, "ज्यानं लिहिलं त्याला ते खरं. आम्हाला नंबर खरा." आमच्या सरांनी त्यावर आणखी एक गोष्ट दाखविली. रेल्वे स्थानकाच्या फलकावरील नाव बदलले, परंतु रेल्वेच्या कारभारात स्थानकाची जी खूण आहे, बी-जी-एम ही तीन अक्षरे, ती पूर्वीची तशीच राहिली. शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा क्रमांक ५९०००१ होता, तो ५९०००१ च आहे. फलक बदलले, तरी एकही गाडी वाट चुकली नाही.

मग आम्ही असे केले. गावांच्या फाईलींची नावे गावांवरून न ठेवता पिन क्रमांकांवरून ठेवली. 'गाव_५९०००१', 'गाव_५९१२३७', याप्रमाणे. ही खेळाच्या आतली खूण. खेळणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. खेळणाऱ्याला जे दिसते, त्यासाठी 'भाषा' या कप्प्यात एक तक्ता केला. त्याच्या पहिल्या रकान्यात ती खूण, दुसऱ्यात मराठी नाव, तिसऱ्यात कन्नड, चौथ्यात इंग्रजी. खेळणारा जी भाषा निवडील, त्या रकान्यातील नाव पडद्यावर उमटते. आमची ही प्रणाली अशा तक्त्याची भाषा जाणते. मराठी रकाना आम्ही भरला. कन्नड रकाना भरावयास आमचा तो सोबती परत आला, आणि निपाणीतील 'प' कन्नडमध्ये जोड लिहितात, 'निप्पाणी', हे त्याने आम्हांस त्याच वेळी शिकविले. जुन्या शिलालेखांत या शहराचे नाव वेणुग्राम असे आढळते. तेव्हा त्या नावाचेही एक पत्र खेळात घातले आहे. ते जो योग्य दारी पोहोचवील, त्याला दुप्पट गुण!

यामुळे नावाचा प्रश्न सुटला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तो मोठ्यांचा आणि फार जुन्या वेदनेचा प्रश्न आहे. २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमचे समाधान एवढ्यापुरतेच, की एका ओळीत तीन नावे शेजारी शेजारी राहू शकली. एकासाठी दुसरे पुसावे लागले नाही, आणि शनिवारच्या खोलीत पुन्हा पाच जण बसू लागले.

आता काही किरकोळ वाटणाऱ्या, परंतु फार उपयोगी ठरलेल्या नियमांविषयी. फाईलींची नावे आम्ही रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहितो. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता खाली आडवी रेघ देतो. मराठी शाळेतील मुलांनी नावे रोमन अक्षरांत का लिहावीत, असा आक्षेप आमच्यातच निघाला होता. शब्द मराठीच आहेत; 'डोंगर', 'पायरी', 'घंटा' हेच. लिपी बदलण्याचे कारण अभिमानाचे नसून व्यवहाराचे आहे. देवनागरीत 'पायऱ्या' हा शब्द दोन निरनिराळ्या कळफलकांवर लिहिला, तर डोळ्यांना तो सारखाच दिसेल. पण संगणकाच्या पोटात त्या दोहोंतील खुणा निरनिराळ्या असू शकतात, आणि त्याला ते दोन भिन्न शब्द वाटतात. लहान अक्षरांचे कारणही तसेच. शाळेतील विंडोज यंत्रे मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांत भेद करीत नाहीत. परंतु तयार झालेला खेळ फोनवर गेला, की तेथे तो भेद पाळला जातो, आणि शाळेत दिसलेली मोटार फोनवर अदृश्य होते! क्रमांक देताना १, २, ३ असे न देता ०१, ०२, ०३ असे द्यावेत. नाही तर काही याद्यांमध्ये १० हा २ च्या आधी येऊन बसतो. आणि फाईल एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवायची, तर ती प्रणालीच्या आतूनच हलवावी. म्हणजे जेथे जेथे तिचा पत्ता लिहिलेला असेल, तेथे तो आपोआप बदलतो. घर बदलताना टपाल कार्यालयाला कळवून जावे, तसेच हे.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. बेळगावात कुंद्याचे अप्रूप कोणास नाही? पण दूध आटवून कुंदा होतो. कुंद्यापासून पुन्हा दूध होत नाही. चित्राचेही तसेच आहे. काढताना आकाश एका थरावर, डोंगर दुसऱ्यावर, झाडे तिसऱ्यावर अशी थरांची फाईल असते. खेळात घालताना ते सारे थर आटून एकच सपाट चित्र होते. उद्या झाड हलवायचे झाले, तर त्या सपाट चित्रातून ते सुटे होत नाही. म्हणून 'कच्चे' असा एक कप्पा खेळाच्या बाहेर ठेवला आहे. थरांची मूळ चित्रे आणि न कापलेले आवाज तेथे राहतात. पोस्टातल्या आजोबांचे अकरा मिनिटांचे बोलणे तेथेच आहे. आणि आता त्या फाईलीच्या नावात ते कोण होते, कशाविषयी बोलले, हे दोन्ही आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. आमच्यातील एकीच्या वडिलांचे निपाणीस किराण्याचे दुकान आहे. दुकानदाराच्या दोन वह्या असतात, एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. कीर्दीत आज काय घडले ते ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहितात. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खाती मांडतात. एकीवरून 'केव्हा' कळते, दुसरीवरून 'कोठे'. आमचे कप्पे ही झाली खतावणी. पण 'नवीन', 'शेवटचे', 'खरोखर शेवटचे' ही नावे का जन्माला आली? कारण त्या मुलांपाशी कीर्द नव्हती. म्हणून 'केव्हा' हे त्यांना नावातच कोंबावे लागले. कीर्द ठेवणारे एक साधन २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी निर्माण केले. त्याचे नाव गिट. फाईलीचे नाव कायम राहते. ती बदलली, की आपण नोंद करतो. आणि कोणी, केव्हा, काय बदलले ते तारखेसह राहते. पूर्वीच्या कोणत्याही दिवसापाशी परत जाता येते. मात्र नोंद करणे माणसाच्या हाती आहे. 'बदल केला' ही नोंद म्हणजे 'माल दिला' असे लिहून कोणाला ते न लिहिण्यासारखे. 'निपाणीच्या बाजारातील दिव्याचा उजेड कमी केला', ही नोंद.

इतके करूनही कोणत्याच कप्प्यात न बसणाऱ्या वस्तू उरतातच. जुन्या काळी टपाल खात्यात अशा पत्रांसाठी डेड लेटर ऑफिस असे. ना घेणाऱ्याचा पत्ता, ना पाठविणाऱ्याचा. आमच्या दप्तरातही 'बेवारस' असा एक कप्पा आहे. त्याला नियम एकच. दर शनिवारी उठण्यापूर्वी तो उघडायचा, आणि प्रत्येक वस्तूला एकतर घर द्यायचे, नाहीतर ती सर्वांना विचारून टाकून द्यायची. त्या कप्प्यात वस्तू ठेवणे सोपे आहे. आणि म्हणूनच त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

हे सारे करण्यात यंदाचे चार महिने गेले, आणि त्या काळात खेळात नवीन असे फारसे काही दिसले नाही. स्नेहसंमेलनात मांडावयास आमच्यापाशी संकेश्वरपर्यंतचाच रस्ता होता. कित्येकांनी विचारले, की इतके दिवस केलेत तरी काय? त्यांना आमचे कप्पे दाखविता आले नाहीत. आणि दाखविले असते, तरी त्यात टाळ्या वाजविण्याजोगे काही नव्हते. नीट लावलेल्या खणांकडे कोणी पाहत नाही. पत्र पोहोचले, की लोक पत्र वाचतात. पोस्टातल्या आजोबांनी हयातभर किती पत्रे योग्य खणात टाकली असतील! त्यांतील एकाही पत्रावर त्यांचे नाव नव्हते. पण घरोघरी ती पोहोचली.

पुढील वर्षी आम्ही दहावीत जाऊ, आणि अभ्यासामुळे हा खेळ दुसऱ्यांच्या हाती सोपवावा लागेल. त्यासाठी दप्तराच्या अगदी वरच्या कप्प्यात 'आधी हे वाचा' नावाचे एक पान ठेवले आहे. त्यात कोणता कप्पा कशाचा, तक्ता कसा भरावा, नोंद कशी लिहावी, हे सोप्या मराठीत लिहिले आहे. त्याच्या खाली तेच कन्नडमध्येही आहे. आजचा रस्ता निपाणीपाशी संपतो. तेथून कोगनोळीपर्यंतचा पुढचा टप्पा आम्ही केलेला नाही. परंतु त्याचा कप्पा करून ठेवला आहे. गिटच्या कीर्दीत रिकामा कप्पा नोंदला जात नाही. त्यात काहीतरी असावेच लागते. म्हणून त्यात आम्ही एक लहानशी चिठ्ठी ठेवली आहे. "येथे दूधगंगेचे चित्र यावयाचे आहे. नदीचा आवाज पावसाळ्यात ध्वनिमुद्रित करावा. आणि फाईलीच्या नावात महिना अवश्य लिहावा."